चूक पुन्हा घडवताना

ओवी पडली नव्हती. पडली होती मृण्मयी, आणि पडता पडता तिनं अंग असं काही वळवलं की मूल छातीवर राहिलं आणि तिची स्वतःची पाठ पायऱ्यांवर आपटली. ओवीच्या कपाळाला एक टेंगूळ आलं, तेही संध्याकाळपर्यंत उतरलं. डॉक्टरांनी दोघींना तपासून घरी सोडलं.  पण परतताना तिचा नवरा आदिनाथ नुसता समोर बघत गाडी चालवत होता, आणि मृण्मयीला कळून चुकलं होतं की घरी गेल्यावर काय ठरणार आहे.

त्यांचं घर साताऱ्यात मंगळवार तळ्याच्या वरच्या अंगाला. शहरच अजिंक्यताऱ्याच्या उतारावर वसलेलं, त्यामुळे दारातून गल्लीत उतरायलाही दगडी पायऱ्या. त्या पायऱ्या मृण्मयी गेली काही वर्षं रोज उतरत होती. तेही स्वतःच्या पायांनी नव्हे, तर पायजोडाच्या बळावर.

लग्नाआधी यवतेश्वरच्या घाटात तिची स्कूटर घसरली होती. मणक्याला इजा झाली, पण आतला मज्जारज्जू पूर्ण तुटला नाही. मेंदूकडून पायांना जाणारे संदेश पोचत, फक्त फार क्षीण होऊन. चालायचं मनात आलं की मांडीच्या स्नायूत विजेची एक बारीकशी लहर उठे आणि तिथेच विरून जाई. पायजोड ती लहर टिपत असे. कमरेपासून घोट्यापर्यंत जाणाऱ्या दोन हलक्या चौकटी, मांडीला पट्टे, पट्ट्यांच्या आत सेन्सर आणि गुडघ्यापाशी मोटर. लहर कसली आहे हे ओळखायचं आणि मोटरला तेवढंच बळ लावायला सांगायचं, हे काम त्यातल्या प्रोग्रामचं.

आधीच्या काळात अशा यंत्रांत सगळ्यांसाठी एकच प्रोग्राम असे, आणि माणसं कळसूत्री बाहुल्यांसारखी चालत. मग कंपन्यांनी एक नवी प्रणाली आणली. ती प्रत्येक माणसासाठी वेगळा प्रोग्राम लिही. मृण्मयी काही आठवडे पुण्याच्या केंद्रात चालत, उठत, बसत, जिने चढत-उतरत राहिली, आणि प्रणाली तिचं निरीक्षण करत राहिली. बसण्याआधी डाव्या मांडीवर दोनदा थाप मारायची तिला जुनी सवय होती. प्रणालीनं तीही उचलली. तिनं पट्ट्यावर दोनदा बोटं आपटली की पायजोड गुडघे सावकाश वाकवून तिला अलगद खुर्चीत बसवी. प्रोग्राम लिहून झाल्यावर त्याच्या हजारो चाचण्याही प्रणालीच लिही, त्या चालवून बघे आणि चुका दुरुस्त करी. माणूस यात कुठेच नव्हता. त्याची गरजही वाटत नव्हती, कारण मृण्मयी खरोखरच मृण्मयीसारखी चालू लागली होती. ती शाळेत परतली आणि उभी राहून भूगोल शिकवू लागली. आदिनाथ शिंगटेशी तिचं लग्न झालं, वर्षा-दोन वर्षांनी ओवी झाली.

आणि आता हे. मुलीला डाव्या कडेवर घेऊन, उजव्या हातानं कठडा धरून उतरत असताना अर्ध्या जिन्यात तिचे दोन्ही गुडघे आपोआप वाकले होते.

कंपनीनं पायजोड तपासला, सगळ्या चाचण्या पुन्हा चालवल्या. सगळ्या पार पडल्या. पडण्याच्या आधी गुडघे प्रोग्रामनुसार वाकले, मोटर ठीक आहे, सेन्सर ठीक आहेत, वापरणाऱ्या व्यक्तीचा तोल गेला असावा, असं त्यांनी नम्रपणे कळवलं. जिना उतरताना गुडघे वाकतातच, त्यामुळे त्यांना त्यात काही वावगं दिसलं नाही. गुडघे वाकवायचा निर्णय प्रोग्रामनं का घेतला, हे मात्र कुठे नोंदलेलं नव्हतं. ते कधी कुणी विचारलंच नव्हतं.

आदिनाथची आई, मालनबाई, दुसऱ्याच दिवशी कराडहून आल्या. तिथे त्यांचा शिवणक्लास होता. तो बंद करून, मशिनवर कापड झाकून त्या निघून आल्या. त्यांनी मृण्मयीला एका शब्दानं दोष दिला नाही. फक्त ओवीला उचलून घेतलं. त्या दिवसापासून मृण्मयीनं मुलीला बसून मांडीवर घ्यायचं, पण उभं राहून नाही, असं ठरलं. कुणी तिला तसं सांगितलं नाही. सगळे तसं वागू लागले, एवढंच. ती उठू लागली की मालनबाईंचे हात ओवीकडे आपोआप जात.

मृण्मयीला वाईट वाटे ते वेगळ्याच गोष्टीचं. आपलं पाऊल घसरलं होतं की नाही, हे तिचं तिलाच सांगता येईना. पहिल्या दिवशी ती खात्रीनं सांगत होती की पायजोड आपणहून वाकला. आठवड्याभरानं ती "मला वाटतं" असं म्हणू लागली. पुढे तिनं तो विषयच काढायचं सोडलं. आणि एके दिवशी सकाळी तिनं पलंगावर बसल्या बसल्या ओवीकडे हात पसरले, तेव्हा ओवी तिच्याकडे बघून हसली, आणि वळून आजीकडे झेपावली.

आदिनाथ चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांच्या देखभालीचं काम करायचा. एखादा भाग बिघडला की तो बदलायचा, हा त्याचा रोजचा शिरस्ता. त्याचं म्हणणं सरळ होतं. पायजोड पुण्याला पाठवू, प्रणालीकडून नवा प्रोग्राम लिहून घेऊ. त्यासाठी तिला पुन्हा काही आठवडे तिथे राहावं लागलं असतं आणि चालणंही नव्यानं जुळवावं लागलं असतं, पण त्याला ते चालणार होतं. मृण्मयीनं विचारलं की नवा प्रोग्राम पण तीच प्रणाली लिहिणार, मग त्यात तीच चूक नसेल कशावरून.  यावर त्याला राग आला, कारण त्याच्या मते ती काहीतरी करण्याऐवजी विचार करत बसली होती.

जे यंत्र माणूस अंगावर घालतो त्याचा प्रोग्राम मागितल्यावर त्याला द्यावाच लागे, असा एक कायदा तोवर झाला होता. मृण्मयीनं तो मागितला आणि तो लगेच आला. तिनं उघडून पाहिला. पानंच्या पानं, आणि नावं अशी की माणसानं उच्चारू नयेत. प्रणालीला नावांतून अर्थ लावायची गरज नव्हती, तेव्हा तिनं ती कशीही ठेवली होती. मृण्मयीनं लॅपटॉप मिटला आणि हे वाचायला शिकवणारं कुणी साताऱ्यात आहे का, याची चौकशी सुरू केली.

अशा प्रकारे ती सदर बाजारात नसीमा मुलाणींच्या घरी पोचली. नसीमा मॅडमनी हयातभर पुण्यात बँकांचे आणि विमान कंपन्यांचे प्रोग्राम तपासले होते. त्या लिहीत नसत. दुसऱ्यांनी लिहिलेल्यातल्या चुका शोधणं हीच त्यांची नोकरी होती. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरी वर्ग काढला, पण यंत्रं स्वतःच प्रोग्राम लिहू लागल्यावर मुलं यायची बंद झाली. आता बाहेरच्या खोलीत बाकं होती आणि त्यांवर कुंड्या.

त्यांनी मृण्मयीचं सगळं ऐकून घेतलं आणि एकच अट घातली.

"तुझं पाऊल घसरलं होतं असं निघालं, तर ते मान्य करायचं. उत्तर आधी ठरवून शोधायला बसलेल्या माणसाला मी शिकवत नाही."

 मृण्मयीनं कबूल केलं.

पहिले काही आठवडे मॅडमनी तिला पायजोडाच्या प्रोग्रामला हात लावू दिला नाही. त्या तिला छोटे छोटे प्रोग्राम देत, मुद्दाम चूक पेरलेले. ती भूगोल शिकवते म्हटल्यावर त्यांनी एक प्रोग्राम खास तिच्यासाठी लिहिला. दोन गावांचे रेखांश दिले की तिथल्या स्थानिक वेळांतला फरक तो सांगे. मृण्मयीनं सातारा आणि कोलकाता घालून पाहिलं, बरोबर आलं. सातारा आणि लंडन, तेही बरोबर. दुपारभर ती निरनिराळी शहरं घालत राहिली आणि सगळी उत्तरं बरोबर येत राहिली. शेवटी तिनं प्रोग्राममध्ये चूक नाही असं सांगून टाकलं.

मॅडमनी विचारलं, की वर्गातली पोरं या धड्यात नेमकी कुठे गडबडतात?

त्याबरोबर मृण्मयीनं फिजी आणि सामोआ घातलं. नकाशात एकमेकांच्या शेजारची बेटं, पण मधून एकशेऐंशी अंशांचं रेखावृत्त गेलेलं. खरा फरक तासाभराचाही नव्हता, पण प्रोग्रामनं त्यांच्यात जवळजवळ अख्ख्या दिवसाचा फरक सांगितला. चूक होती ती नकाशाच्या कडेला, आणि ती तास न् तास मधल्या शहरांत फिरत होती. घरी जाताना रिक्षात तिला हसू येत होतं. अपघातानंतर पहिल्यांदाच ती काहीतरी नवीन शिकली होती.

त्यानंतर तिला दुसरी दृष्टी आली. प्रोग्राम पायरीपायरीनं चालवायचा, मध्येच थांबवायचा, त्या क्षणी कुठल्या खणात काय साठलंय ते बघायचं, हे ती शिकली. मालनबाई संध्याकाळी ओवीला भात भरवत असायच्या आणि ती शेजारी बसून लॅपटॉपवर असायची. एकदा मालनबाईंनी विचारलं की एवढं काय शोधतेस. तिनं सांगितलं की पायजोडातली चूक. त्यांनी एक निःश्वास सोडला. त्याचा अर्थ मृण्मयीनं त्या दिवशी चुकीचा लावला. आपल्यावर त्यांचा विश्वास नाही, असं तिला वाटलं.

मग मॅडमनी तिला पायजोडाचा प्रोग्राम उघडायची परवानगी दिली. कंपनीनं संगणकावर चालणारे आभासी पायही सगळ्यांसाठी खुले ठेवले होते. प्रोग्राम त्या पायांना जोडायचा, जिना दाखवायचा, आणि ते कसे उतरतात ते पडद्यावर पाहायचं. मृण्मयी दिवसचे दिवस त्यात बुडाली. गुडघा किती वेगानं वाकवायचा हे ठरवणारा एक आकडा तिला सापडला. तो तिला जास्त वाटला. तिनं तो कमी केला, आभासी पाय जिन्यावरून खाली आणले. ते सुरळीत उतरले. ती धावतपळत मॅडमकडे गेली, म्हणजे पायजोड नेईल तेवढी धावतपळत.

मॅडमनी पडद्याकडे पाहिलं. "आकडा बदलायच्या आधी हे पाय पडत होते?"

"नाही."

"मग तू दुरुस्त काय केलंस?"

मृण्मयी खाली बसली. मॅडमनी चहा ठेवला आणि चहाबरोबर तिला जे सांगितलं ते त्यांनी आयुष्यभर नव्या मुलांना सांगितलं होतं. चूक आधी पुन्हा घडवून दाखवायची. हवी तेव्हा, हवी तितक्या वेळा. जी चूक घडवता येत नाही ती गेली की नाही हेही कळत नाही, ती फक्त त्या दिवशी दिसली नाही एवढंच म्हणता येतं. तिनं आकडा होता तसा परत ठेवला.

ओवी कडेवर होती, म्हणजे डाव्या बाजूला वजन होतं. तिनं आभासी पायांवर तेवढं वजन ठेवलं. काही झालं नाही. खऱ्या पायजोडावर करून पाहायचं म्हणून तिनं तांदळाची पिशवी कडेवर घेतली आणि आदिनाथला पुढे उभं करून जिना उतरली. काहीच झालं नाही. आदिनाथच्या चेहऱ्यावर तिला वाचता आलं, की आता तरी हिनं हे थांबवावं. तिलाही तसंच वाटू लागलं होतं. वजनानं काही होत नसेल तर उरतं काय? तिचं पाऊल.

मॅडमना तिनं तसं सांगितलं. त्या म्हणाल्या की तसं असेलही, पण तांदळाची पिशवी म्हणजे मूल नव्हे. पिशवी स्वस्थ बसते.

म्हणजे ओवीलाच कडेवर घेऊन सेन्सर काय टिपतात ते पाहायला हवं होतं. मोटर बंद ठेवून, सेन्सर चालू ठेवून, सपाट जमिनीवर. पाय अशा वेळी काही करू शकणार नव्हते, त्यामुळे कुणीतरी तिला मागून भक्कम धरून ठेवणं गरजेचं होतं. आदिनाथनं ऐकताक्षणी नाही म्हटलं. ती समजावू लागली, तर तो उठून गच्चीवर गेला. ती त्याच्यामागून गेली नाही. जरा वेळानं तोच खाली आला आणि दारात उभा राहिला.

"त्या दिवशी मी दारातच होतो," तो म्हणाला. "तू पडताना दिसलीस मला. चार पावलं होती मध्ये, पण पोचलो नाही. मला तो जिना परत नको बघायला, मृण्मयी."

इतक्या दिवसांत तो हे पहिल्यांदा बोलत होता. त्याला राग यायचा तो कशाचा, हे तिला आता समजलं. ती त्याला म्हणाली की जिना नाही, घरातच, आणि तू धरशील तेवढाच वेळ.

रविवारी सकाळी त्यांनी ते केलं. आदिनाथनं तिच्या कमरेला मागून दोन्ही हातांचा वेढा घातला आणि मालनबाईंनी ओवीला तिच्या कडेवर दिलं. कित्येक दिवसांनी उभ्या आईच्या कडेवर आल्याचा ओवीला इतका आनंद झाला की ती उसळू लागली, केस ओढू लागली, भिंतीवरच्या पालीकडे बोट दाखवू लागली. मृण्मयीनं गाल तिच्या डोक्याला लावला. मागे आदिनाथचा श्वास जोरजोरात चालू होता. कुणीच "पुरे" म्हटलं नाही, आणि त्यामुळे नोंद हवी त्याच्यापेक्षा बरीच मोठी झाली.

ती नोंद तिनं मॅडमच्या घरी आभासी पायांना दिली आणि त्यांना जिना उतरायला लावलं. ते नेहमीसारखे उतरले, एका पायरीवर एक पाऊल, पुढच्या पायरीवर दुसरं. पडले नाहीत. मॅडमनी विचारलं की ती खरंच अशी उतरते का.

मृण्मयी उत्तर देता देता थांबली. पूर्वी ती अशीच उतरायची. ओवी झाल्यापासून मात्र नाही. मूल कडेवर असलं की ती प्रत्येक पायरीवर दोन्ही पावलं जुळवायची, क्षणभर थांबायची आणि मग पुढची पायरी घ्यायची. सगळ्या आया तशाच उतरतात.

तिनं आभासी पायांना तसं उतरायला लावलं. तिसऱ्या पायरीवर दोन्ही गुडघे सावकाश वाकले आणि पाय पुढे कोसळले.

 मग मृण्मयीनं तेच पुन्हा चालवलं. पुन्हा पडले. आणखी एकदा. पुन्हा तिथेच. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि तिला ते पुसायचंही भान नव्हतं. पाऊल तिचं घसरलं नव्हतं.

मॅडमनी तिला फार वेळ दिला नाही. चूक कुठे आहे ते कळलं, पण का आहे ते अजून कळलेलं नव्हतं. त्यांनी नोंद अर्धी कापायला सांगितली. ज्या अर्ध्यात पाय पडतात ते ठेवायचं, दुसरं टाकायचं. मग उरलेल्याचं पुन्हा अर्धं. असं कापत कापत शेवटी डाव्या पट्ट्याच्या सेन्सरची एक इवलीशी रेघ हातात राहिली. सरळ जाणारी रेघ, आणि मध्ये लागोपाठ दोन उंचवटे.

मृण्मयी ती रेघ बघत उभी होती. तिचा डावा हात आपसूक खाली गेला आणि तिनं मांडीच्या पट्ट्यावर दोनदा थाप मारली. पायजोडानं तिला सावकाश मागच्या खुर्चीत बसवलं.

"ओवीची टाच," ती म्हणाली.

कडेवर बसलेलं मूल आनंदात आलं की पाय झाडतं. ओवीची टाच नेमकी डाव्या पट्ट्यावर आपटत होती. चालताना थाप बसली तर तिच्याकडे दुर्लक्ष करावं, हे प्रोग्रामला माहीत होतं. पण माणूस चालतोय की उभा आहे, हे तो कशावरून ओळखे? दोन्ही पावलं क्षणभर शेजारी स्थिर असली की उभा. केंद्रात मृण्मयीचं निरीक्षण झालं तेव्हा ती जिन्यावर कधीच दोन्ही पावलं जुळवत नव्हती. तेव्हा ती आई नव्हती. म्हणून जुळलेली पावलं म्हणजे सपाट जमीन, हे प्रणालीनं धरून टाकलं. आणि चाचण्या लिहिणारीही तीच असल्यानं, तिनं जे धरलं होतं ते तपासून बघायचं तिला सुचणं शक्यच नव्हतं. थापेची चाचणी होती, जिन्याची होती, वजनाची होती. तिन्ही एकत्र कुणी घातल्या नव्हत्या.

मृण्मयीनं तिच्या आयुष्यातली पहिली खरी चाचणी लिहिली. जिना, जुळलेली पावलं, दोन ठोके, आणि अपेक्षा एकच, की गुडघे वाकता कामा नयेत. ती चालवल्यावर पडद्यावर लाल अक्षरं उमटली. अपयशी चाचणी पाहून इतकं समाधान वाटेल, असं तिला कधी वाटलं नसतं. तिनं ती कंपनीला पाठवून दिली.

दुसऱ्या दिवशी कंपनीतून तेजोमय पाटणकर नावाच्या इंजिनीअरचा फोन आला. आधी तो जरा अविश्वासानंच बोलत होता. मग त्यानं फोन चालू ठेवूनच चाचणी चालवली आणि त्याच्याही पडद्यावर लाल अक्षरं उमटली. तिचा तोल गेला असावा असं आपण अहवालात लिहिलं होतं, त्याबद्दल त्यानं माफी मागितली, आणि ही चाचणी पायजोड वापरणाऱ्या सगळ्यांच्या प्रोग्रामवर चालवून बघायची परवानगी विचारली.

मांडीवरच्या थापेनं बसणाऱ्या आणखी काही जणांच्या प्रोग्राममध्ये तीच चूक निघाली. बहुतेकांची मुलं लहान होती. एक गृहस्थ अहिल्यानगरचे होते आणि त्यांचा कुत्रा येता-जाता त्यांच्या मांडीवर पंजे टाकायचा. त्यांतलं कुणीही अजून पडलेलं नव्हतं. सगळ्यांना त्याच दिवशी कळवण्यात आलं. तेजोमयनं हे सांगितलं तेव्हा मृण्मयी फोन कानाला लावून तशीच उभी राहिली. त्या अनोळखी घरांतले जिने तिच्या डोळ्यांपुढे येत होते, आणि त्यांवरून माणसं नीट खाली पोचत होती.

दुरुस्ती तशी लहानशी निघाली. दोन्ही पावलं एका उंचीवर हवीत, नुकतंच पाऊल उचललेलं नसावं आणि अंग बसण्यासाठी मागे झुकलेलं हवं, तरच थाप ऐकायची. मॅडमनी जुन्या सगळ्या चाचण्या पुन्हा चालवायला लावल्या, एक दुरुस्ती दुसरीकडे काही मोडत नाही ना ते पाहण्यासाठी. मग त्यांनी दुरुस्ती मुद्दाम काढून टाकायला सांगितली. लाल. परत घातली. हिरवी. एवढं झाल्यावर त्यांनी मृण्मयीच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या की बाकावरच्या कुंड्या आता खाली उतरवायला हव्यात. कंपनीनं अशा चाचण्या लिहिणारी माणसं शिकवून द्याल का, असं त्यांना विचारलं होतं.

नवा प्रोग्राम घातल्यावर मृण्मयी आधी तांदळाची पिशवी घेऊन उतरली. आदिनाथ तिच्या बाजूनं एकेक पायरी उतरत होता आणि प्रत्येक पायरीवर वाकून तिच्या पट्ट्यावर थापा मारत होता. शेजारच्या खिडकीतून कुणीतरी हे नवल बघत होतं. खाली पोचल्यावर तो म्हणाला की पुन्हा एकदा करू. त्यानं तिला तीनदा चढ-उतार करायला लावला. चौथ्यांदा तो स्वतःच बाजूला झाला आणि आईला हाक मारून म्हणाला, ओवीला दे.

मालनबाईंनी ओवीला मृण्मयीच्या कडेवर दिलं आणि त्या दारात पदर धरून उभ्या राहिल्या. मृण्मयी उतरू लागली. पहिली पायरी, पावलं जुळवली. दुसरी. गल्लीतून एक फुगेवाला चालला होता. ओवीनं त्याला पाहिलं आणि ती दोन्ही पाय झाडायला लागली. टाच पट्ट्यावर बसली, पुन्हा बसली, पुन्हा पुन्हा बसली. गुडघे ताठ राहिले. मृण्मयी गल्लीत पोचली तेव्हा आदिनाथ खालच्या पायरीवर बसला होता आणि दोन्ही हातांनी चेहरा झाकून घेतलेला होता. तिला वाटलं तो रडतोय. तो हसत होता, किंवा दोन्ही.

त्या रात्री जेवताना मालनबाई म्हणाल्या, "आता मी जाऊ का कराडला?"

मृण्मयीनं चमकून त्यांच्याकडे पाहिलं. आपण त्यांना काही लागेलसं बोललो की काय, असं तिला वाटलं.

"तसं नाही गं," त्या म्हणाल्या. "नातीचं सगळं गोड आहे, पण माझे गुडघे गेलेत. हिला उचलून दिवसभर फिरायचं म्हणजे काय खाऊ आहे? आणि तू उठलीस की माझा जीव टांगणीला. क्लासच्या बायका रोज फोन करतायत. मला आपलं वाटायचं, हिला चूक सापडू दे म्हणजे मी सुटले."

मृण्मयीला तो संध्याकाळचा निःश्वास आठवला आणि ती इतकी हसली की पाण्याचा पेला खाली ठेवावा लागला. मग मालनबाईही हसू लागल्या. आपल्या गुडघ्यांसाठीही असलं काही मिळतं का, असं त्यांनी विचारलं. आदिनाथनं गंभीरपणे सांगितलं की मिळतं, पण आधी सून म्हणेल तेवढ्या चाचण्या द्याव्या लागतील.

रविवारी ते सगळे त्यांना एसटी स्टँडवर सोडायला गेले. बस हलली तशी ओवी आजीसाठी हात पसरून रडू लागली. मृण्मयी तिला कडेवर घेऊन बस दिसेनाशी होईपर्यंत उभी राहिली. नंतरही ओवी बराच वेळ हुंदके देत होती. राजपथावर येईपर्यंत हुंदके कमी झाले, आणि मग तिचं डोकं आईच्या खांद्यावर जड होत गेलं. ती झोपली. तिच्या तोंडातली लाळ मृण्मयीच्या ब्लाउजवर पसरत होती. समोर घरापर्यंतचा सगळा चढ होता.

आदिनाथनं ओवीला घेण्यासाठी हात पुढे केले. मृण्मयीनं नकारार्थी मान हलवली. त्यानं रिक्षा थांबवू का असं विचारलं.

"नको," ती हळूच म्हणाली, ओवी जागी होऊ नये म्हणून. "चालत जाऊ."